लेकीच्या घरचं पाणी

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

संपदा आली आणि मी आधी माईंना फोन केला.

लिहिल्यावर किती विचित्र दिसतं! पण झालं ते असंच. दुपारचे तीन. मी संक्रांतीची उरलेली चिक्की डब्यात भरत होते. दार वाजलं. दारात माझी पोर — पायात घरातल्या स्लीपर, हातात पर्स नाही, ओढणी डोक्यावरून घट्ट गुंडाळलेली. "आत ये" म्हटलं, एका हातानं तिला पाण्याचा पेला दिला आणि दुसऱ्या हातानं मोबाईल उचलला. माई आमचं भजनी मंडळ चालवतात, आणि मंडळाचा नियमच आहे तसा. लेक सासरी न सांगता माहेरी आली तर दिवेलागणीच्या आत माईंना कळवायचं. हा नियम मीच किती जणींच्या आयांना घोटवून घेतलाय. माई म्हणाल्या, शाब्बास कांचन. आणि मला बरं वाटलं. शाळेत वही तपासून घेतल्यावर वाटायचं तसं.

फोन ठेवल्यावर मग मी तिच्याकडे पाहिलं.

देवेशशी वाजलं, एवढंच म्हणाली. दोन वर्षं झाली लग्नाला. स्थळ मंडळातलंच, माईंनी जमवलेलं. छाणीला वर घर, खाली देवेशचं लेथचं वर्कशॉप. सासू एकटी, मंदाताई. काय वाईट होतं त्यात?

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी तीन हाका मारल्या. पोहे झालेत गं. उत्तर नाही. माझं डोकं फिरलं — माहेरी येऊन नखरे! तरातरा गेले, तिच्या पुढ्यात उभी राहिले, तेव्हा तिनं वर पाहिलं. "काही म्हणालीस?" म्हणाली.

ओढणी मीच ओढून काढली. डाव्या कानामागे निळं-काळं. कानातलं नाही, पाळी सुजलेली.

डॉक्टरकडे नेलं. इथेच गोरव्यात, कान-नाक-घसावाले. त्यांनी आत बघितलं नि विचारलं, कसं झालं? संपदानं तोंड उघडायच्या आत मी बोलले — "बड घातला होता साहेब, जोरात लागला." कुणी सांगितलं होतं मला बोलायला? आपोआप आलं तोंडातून. पडदा फाटलाय म्हणाले. थेंब लिहून दिले; पाणी जाऊ द्यायचं नाही, दीड-दोन महिन्यांत भरून येईल, पुन्हा मार लागता कामा नये. 'मार' म्हणाले ते. मी मान डोलावली.

बाहेर केसपेपर देणारी बाई कोण, तर नीरजा! सहा वर्षांनी पाहिली. हिला मी दोनदा तिच्या नवऱ्याकडे परत पोचवलं होतं. तिसऱ्यांदा पळाली ती सापडलीच नाही. तिनं पेपर माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "काकू, माझ्या वेळी 'पाट लागला' असं सांगितलं होतंत ने?"

मी पैसे देऊन खाली उतरले. रिक्षात संपदा खिडकीकडे तोंड करून बसली होती. माझ्या बाजूला तिचा डावा कान होता, त्यामुळे बोलून उपयोगही नव्हता.

१८ जानेवारी, शनिवार

जेवणं आटोपलीत. हे झोपलेत, संपदा टीव्हीसमोर. बसून सगळं एकदा नीट लिहून काढते. कुणाला सांगण्यासारखं नाहीच.

हे म्हणजे विश्राम. तोंडानं नाव कधी घेतलं नाही, वहीत घेते. मोठ्या कारखान्यात फिटर, पुढच्या वर्षी रिटायर. लग्नानंतरची आठ वर्षं दारू आणि मार. शेजारचे पटेल भिंत ठोकायचे. मग कुणीतरी मंडळात नेलं. एका वर्कशॉपच्या वर हॉल, दर गुरुवारी भजन, सगळी इथं गुजराती मुलखात आलेली आपली मराठी माणसं — रेल्वेतली, कंपन्यांतली. कौशल्यामाईंनी यांच्या हातात नारळ देऊन शपथ घातली. दारू सुटली. मारही थांबला. तेव्हापासून प्रत्येक नव्या जोडप्यासमोर आम्हाला उभं करायचे — बघा, विश्रामभाऊ सुधारले ते कांचनताईंनी सोसलं म्हणून!

मला आवडायचं ते. खोटं कशाला लिहू? आधी मार खाणारी बाई म्हणून ओळखत होते, आता ताई म्हणून ओळखू लागले. माईंनी मला समजुतीचं काम दिलं. कुणी सासरहून निघून आली की मी जायची. घरोघरी मातीच्या चुली. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझा आवाज गोड, उदाहरण घरचं, बाई तासाभरात रडायला लागायची. नऊ बायका मी अशा परत पोचवल्या, हातची गेली ती फक्त नीरजा.

आणि शेवटी ओटी. ती माईंची युक्ती. माहेरच्या बाईनं ओटी भरली की लेकीनं उठायचं, सासरी निघायचं. भरली ओटी घेऊन कुणी परत माहेरात बसतं का? जी बाई पोलिसांना घाबरत नव्हती ती मूठभर तांदळाला घाबरायची.

आणखी एक शिकवायची मी. पोलीस, शेजारी, कुणीही विचारायला आलं तर काय बोलायचं. तीन वाक्यं. मराठीत आणि गुजरातीत. माझ्या स्वयंपाकघरात बसवून पाठ करून घ्यायची. अडखळू नकोस, खाली बघू नकोस, हसून सांग. आणि तिथंच ओट्याखाली पाट टाकून संपदा अभ्यास करत असायची. दहा वर्षांची. बारा वर्षांची. पंधरा वर्षांची.

१९ जानेवारी, रविवार

माई आल्या होत्या. चहा घेतला, संपदाच्या डोक्यावरून हात फिरवला. कानाला धक्का लागला तसं ती कळवळली. माई म्हणाल्या, नजर लागलीय पोरीला.

देवेशला त्यांनी समज दिलीय म्हणे. तो रडला म्हणे. "कांचन, आठ दिवस माहेरपण कर पोरीचं. गुरुवारी ओटी भर. इतरांच्या लेकींना एक आणि तुझ्या लेकीला एक असं नको व्हायला."

मी म्हटलं, माई, कानाचा पडदा फाटलाय.

माईंच्या आधी हेच बोलले. "तुझा पडदा नव्हता फाटला? झालीस ने बरी?"

होय. माझा उजवा. मी विसरूनच गेले होते.

२० जानेवारी, सोमवार

नाही पाठवणार. नाही पाठवणार. नाही पाठवणार.

२१ जानेवारी, मंगळवार

औषधाचं निमित्त करून दवाखान्यात गेले. नीरजा जेवायच्या सुट्टीत बाहेर आली. जिन्यात उभ्या राहिलो. मी काय बोलणार होते ते घरून ठरवून गेले होते, पण ते बाजूलाच राहिलं. तिचे पायच धरायला गेले तर मागे सरकली. "काकू, हे नको. काम बोला."

ती काही विसरलेली नाही. का विसरावं? दुसऱ्यांदा मी तिला पोचवून आले तेव्हा तिला चौथा महिना होता. नंतर ते राहिलं नाही. हे ती आज सहज बोलल्यासारखं बोलली आणि डब्यातल्या थेपल्याचा तुकडा मोडला. माफी मागावी एवढंही तोंड उरलं नव्हतं.

तरी हो म्हणाली! माझ्यासाठी नाही, संपदासाठी. गुरुवारी दुपारी दोनला ती रिक्षा घेऊन कोपऱ्यावर येईल. तिच्या खोलीवर संपदाला ठेवेल. पुढचं बायकांच्या मदतीच्या नंबरला, एकशे एक्याऐंशीला, फोन करून बघू, तिथल्या बायका चांगल्या आहेत म्हणाली. ओटीचा कार्यक्रम चारला. हे माईंना आणायला दीडला बाहेर पडतील. जमेल. जमलंच पाहिजे.

२२ जानेवारी, बुधवार

जमणार नाही.

संपदाला सांगितलं. वाटलं होतं गळ्यात पडेल. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी मीच पळून आलेली. "तू कुणाला ठेवून घेतलंस आई? मंडळातली योगिनीमावशी किती रडत होती, तिला ठेवलंस? मग मला ठेवलंस तर लोक काय म्हणतील? बाबांना हॉलमध्ये तोंड दाखवता येईल?"

मी म्हटलं, लोकांना घाल चुलीत. तो मारून टाकेल तुला.

"नाही गं. नवीन नवीन असं होतं. बाबा सुधारलेच ने?"

इथं बोलायचं होतं मी. हीच वेळ होती. हे बाहेर पेपर वाचत बसले होते, त्यांच्या पानांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "सगळेच तसे नसतात." एवढंच! वीस वर्षं परक्या बायकांसमोर जिभेची तलवार चालवली आणि पोटच्या पोरीसमोर एवढंच निघालं.

२३ जानेवारी, गुरुवार

भरली.

दोनला रिक्षा आली होती. मी गॅलरीतून पाहिली. संपदा आत केस विंचरत होती. हाताला धरून ओढलं तिला, खरंच ओढलं. म्हणाली, "आई, तमाशा नको." दहा मिनिटांनी रिक्षा गेली.

चारला अकरा बायका, माई, हे. देवेश नवा शर्ट घालून, खाली मान. किती नम्र! मला वाकून नमस्कार केला. पाटावर संपदा बसली. माझ्या हातात सूप दिलं कुणीतरी. मी म्हटलं, माई, माझं डोकं दुखतंय, दुसऱ्या कुणी भरा. माई म्हणाल्या, आईच्या हातची भरायची असते. सगळ्या थांबल्या. हे माझ्याकडे बघत होते. संपदानं पदर पसरला आणि वर बघून हळूच म्हणाली, "भर गं."

तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. माझ्याच हातानं. हात थरथरला नाही. सवयीचा हात आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

तिच्या कानाचे थेंब इथेच राहिले.

२७ जानेवारी, सोमवार

रोज फोन करते. रोज मंदाताई उचलतात, मग तिला देतात. फोन स्पीकरवर असतो, मागे टीव्ही ओरडत असतो. मी विचारते, जेवलीस? जेवले. कान? बरा आहे. थेंब आणून देऊ का? नको.

आज मंदाताईच बोलत होत्या आणि मागं टीव्हीचा आवाज एकदम वाढला. इतका की त्यांचं मला ऐकू येईना. म्हटलं, टीव्ही बारीक करा ने जरा. त्या म्हणाल्या, "राहू दे कांचनताई, मोठाच बरा." आणि फोन ठेवला.

हातातलं पीठ तसंच वाळलं. ते वाक्य मला दहा मिनिटांनी कळलं.

२९ जानेवारी, बुधवार

लिहवत नाही, पण लिहिते.

नीरजाच्या फोनवरून एकशे एक्याऐंशी लावला. गाडी आली. त्यात समुपदेशन करणाऱ्या कोमलबेन आणि एक महिला पोलीस. मला बरोबर घेतलं. छाणीला पोचेपर्यंत कोमलबेन मला धीर देत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, संपदाबेननी स्वतः सांगितलं तर आत्ता घेऊन येऊ. नाही म्हणाली तर ओढून आणता येणार नाही, ती सज्ञान आहे.

देवेश खाली कामावर होता. वर आला, खुर्च्या मांडल्या, स्वतः पाणी आणलं. कोमलबेननी त्याला आणि मंदाताईंना बाहेर काढलं. आत आम्ही चौघीच. संपदाच्या हनुवटीखाली नवं काहीतरी होतं, पावडर लावलेली. कोमलबेन तिच्या शेजारी बसल्या, तिचा हात हातात घेतला, फार मायेनं विचारलं.

संपदानं मान वर केली. हसली.

"घरमां बधुं बराबर छे बेन. बाथरूममां पग लपसी गयो हतो. घरनी वात छे, अमे पतावी लईशुं."

तीन वाक्यं: सगळं ठीक आहे, बाथरूममध्ये पाय घसरला, घरातलं घरात मिटवू. अडखळली नाही. खाली बघितलं नाही. 'लपसी गयो'च्या आधी किंचित थांबली. तिथं थांबायचं असं मी शिकवायची, म्हणजे आठवून सांगितल्यासारखं वाटतं.

मी ओरडले — खोटं आहे हे, मी शिकवलंय हे! कोमलबेन माझ्याकडे बघायला लागल्या. संपदा शांतपणे मराठीत म्हणाली, "आईचं बीपी वाढतं. तिला घरी सोडा प्लीज."

गाडीत पोलीसबाईंनी मला पाण्याची बाटली दिली. कोमलबेन उतरताना म्हणाल्या, आम्ही पुन्हा येऊ, तुम्ही आशा सोडू नका. चांगल्या आहेत हो. पण ज्या बायकांना मी शिकवलं त्यांच्याकडेही अशाच चांगल्या बायका आल्या असतील.

३० जानेवारी, गुरुवार

हॉलमध्ये उभं केलं मला. माईंनी नाव नाही घेतलं, नुसतं म्हणाल्या, आपल्यातल्याच एकीनं घराची अब्रू गाडीत घालून गावभर फिरवली. सगळ्या खाली बघत होत्या. ज्यांना मी परत पोचवलं होतं त्यातल्या चौघी समोर बसल्या होत्या. त्यांच्यापैकी एकीच्या चेहऱ्यावर मला जरा समाधान दिसलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. येताना स्वतःपुरतं सेव-उसळ बांधून आणलं, माझ्यासमोर बसून खाल्लं, बशी धुऊन ठेवली. माझा मोबाईल यांच्या खिशात. आता यांना हात उचलावा लागत नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

गॅसचं बटण धरून बराच वेळ उभी होते. मग शेजारच्या पटेलबेननी साखर मागायला हाक मारली.

१ फेब्रुवारी, शनिवार

कालच्या ओळीची लाज वाटते. मी मेले तर तिला कोण विचारणार? स्पीकरवर का होईना, विचारणारी मी एकटी आहे.

विचार करत होते. आजवर मी बायकांना घराबाहेर पडू दिलं नाही, ते कशाच्या जोरावर? रीतीच्या. जबरदस्ती कधी केली नाही. बाई रीत मोडत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. मग आता रीतच का नको वापरायला? संपदा बाहेर येत नाही. ठीक. मला आत जाता येईल का?

उद्या मंदाताईंकडे हळदीकुंकू आहे. रथसप्तमीपर्यंत चालतात, त्यांचं दरवर्षी रविवारी असतं. आमंत्रण संक्रांतीआधीच आलेलं, परत कुणी घेतलं नाही. आणि हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीला कोण दारातून परतवून लावतं?

पिशवीत दोन साड्या, बीपीच्या गोळ्या, कानाचे थेंब, ही वही.

२ फेब्रुवारी, रविवार. छाणी

आले. यांना चिठ्ठी ठेवली — विहीणबाईंकडे हळदीकुंकवाला जाते. खोटं एक अक्षर नाही.

मला बघून मंदाताईंचा चेहरा उतरला, पण पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला, स्टीलची वाटी वाण म्हणून दिली. संपदा अत्तर लावत फिरत होती. माझ्या मनगटाला लावताना कुजबुजली, "लगेच जा."

एकेक बाई उठत गेली. मी बसून. शेवटच्या दोघी गेल्या. मंदाताई म्हणाल्या, "या मग कांचनताई, विश्रामभाऊ वाट बघत असतील."

मी म्हटलं, मी राहते चार दिवस. लेकीकडे.

घरात एकदम शांत झालं. टीव्हीसुद्धा बंद होता.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी पाणी मागून घेतलं आणि प्यायले. मग चहा. मग दोन पोळ्या.

लिहायला एवढंसं वाटतं. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. माझी आई माझ्याकडे यायची ती येताना तांब्या भरून आणायची. मार खाऊन मी पलंगावर पडलेली असायची आणि ती आपल्या तांब्यातलं पाणी पिऊन, मला समजावून, पाचच्या बसनं परत जायची. राहू कशी शकणार? प्यायला पाणी नाही त्या घरात माणूस किती वेळ बसेल? मला आज हे कळलं. पन्नासाव्या वर्षी.

मंदाताई बघतच राहिल्या. देवेश फार गोड बोलला, "आई, आरामात राहा ने. पण बाबांच्या जेवणाचं काय?"

म्हटलं, त्यांना सेव-उसळ आवडते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

संपदा माझ्याशी बोलत नाही. भांडी आपटते. आज मोरीत एकटी गाठून म्हणाली, "तू गेलीस की सगळं माझ्यावर निघणार आहे. कळतं का तुला?"

कळतं. म्हणून तर जात नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

हे येऊन गेले. वर आले नाहीत, खाली वर्कशॉपमध्ये देवेशशी बोलले. मग माईंचा निरोप — कांचनला सांगा, आज संध्याकाळपर्यंत घरी गेली तर विसरून जाऊ. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. कठड्यावरून पाहिलं, त्यांनीही वर पाहिलं. तीस वर्षांचा संसार, आणि मला त्यांची भीती वाटेना! याचंच नवल वाटलं.

खाली येऊन संपदाला उजव्या बाजूनं गाठलं, ऐकू जावं म्हणून. आणि बोलले. अखेर.

"तुझे बाबा सुधारले नाहीत. मी सुधारले. मी असं वागायला शिकले की मारायचं कारणच उरू नये. किती पावलं टाकायची, किती मोठ्यानं हसायचं, माहेरचं नाव कधी काढायचं नाही. बीएडला नंबर लागला होता माझा, ते पत्र मीच फाडलं. शेवटचं मारलं तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, शपथेनंतर चार महिन्यांनी. ते मी माईंना सांगितलं. माई म्हणाल्या, झाकून ठेव, आता तुमचं उदाहरण देतो आपण. मी झाकलं. आणि नऊ बायकांना ते खोटं उदाहरण सांगून परत पोचवलं. दहावी तू."

ती भाजी निवडत होती. मेथी. निवडतच राहिली. जुडी संपल्यावर म्हणाली, "सहा वर्षांची होते तेव्हाचं मला आठवतं."



७ फेब्रुवारी, शुक्रवार

माझं अंथरूण हॉलमध्ये, त्यांच्या खोलीच्या दाराला लागून. देवेशला दार उघडलं की मला ओलांडून जावं लागतं. गोड बोलणं संपलंय. पाच दिवस त्याचा हात बांधला गेलाय, ते त्याच्या मानेच्या शिरांवर दिसतं. आज जेवताना ताट सरकवलं. आमटी खारट म्हणे. संपदा उठून उभी राहिली, भिंतीला पाठ लावून. सवयीनं. मंदाताईंचा हात रिमोटकडे गेला. मी रिमोट उचलून माझ्या मांडीखाली ठेवला आणि जेवत राहिले.

त्यानं पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नीट, पहिल्यांदाच. मला भीती वाटली. खूप. तरी ताट संपवलं.

मंदाताई नंतर भांडी पुसता पुसता म्हणाल्या, याचे वडीलही असेच होते, मी तेव्हा रेडिओ लावायची. एवढंच बोलून आत गेल्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

मला आणखी किती दिवस राहता येईल? महिना? वर्ष? बीपीच्या गोळ्या चारच उरल्यात. नीरजाचा नंबर पाठ आहे, पण फोन कुठला? संपदानं आज न मागता माझ्या हातून कानात थेंब घालून घेतले. डोकं माझ्या मांडीवर होतं, पाच मिनिटं. डोळे मिटलेले. मी हललेसुद्धा नाही. हे लिहून ठेवते, कारण उद्या काय होईल ते सांगता येत नाही. मी काही सोडवू शकले नाही तिला. नुसती आडवी पडलेय दारात.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपार

पोलीस स्टेशनच्या बाकावर लिहितेय. डावा डोळा उघडत नाही, ओळी वाकड्या येतायत.

त्यानं हात तिच्यावर उचलला होता. मी मध्ये गेले. मुद्दाम गेले, हे इथं लिहिते, तिथं सांगितलं नाही. दोनदा बसला. खाली पडले तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हे की आता तक्रार माझी! तिनं हो म्हणायची गरज नाही. जिन्यावरून उतरले, रिक्षा केली, आले. मागं वळून पाहिलं नाही.

हवालदारांनी सगळं लिहून घेतलं, मी सही केली. मग विचारलं, साक्षीमां कोण छे? म्हटलं, कुणी नाही साहेब. घरातलं कुणी बोलणार नाही.

दारातून आवाज आला. "हुं छुं. लखो मारुं नाम."

संपदा! 'मी आहे, लिहा माझं नाव' म्हणत होती. पायात चप्पल नव्हती तिच्या. छाणीहून दुसऱ्या रिक्षानं आली, भाडं अजून द्यायचंय, रिक्षावाला बाहेर उभा आहे. आत्ता आत तिचं लिहून घेतायत.